रेवोयाची आठ खोकडं

केतकी वीरकर रेवोया बेटावर उतरली तेव्हा धक्क्यावर तिला घ्यायला माणूस नव्हतं, एक खोकड होतं. मांजरापेक्षा जरासं मोठं. उन्हाळ्याची तपकिरी लव जाऊन थंडीची पांढरी येऊ लागलेली, त्यामुळे अंग गोधडीसारखं ठिगळाठिगळांचं. ते तिच्या बॅगेपाशी आलं, बॅग हुंगली, धक्क्याच्या अगदी मधोमध बसून विष्ठा टाकली आणि निघून गेलं. केतकीने आधी हातमोजे घातले, मग खिशातली नमुन्याची डबी काढली. याच कामासाठी ती इतक्या लांब आली होती.

खोकडाचा फोटो तिने दहिवडीला वडिलांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'अण्णा, इथला कोल्हा.' डॉ. रघुनाथ वीरकर माण तालुक्यात तीस वर्षं जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचं उत्तर लगेच आलं. 'कोल्हा नव्हे, खोकड. तोंड बघ, शेपटी बघ. एवढं शिकून काय केलंस?' तेव्हापासून केतकीही खोकडच म्हणू लागली.

रेवोया नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही वर, बर्फाळ समुद्रात आहे. तिथल्या भाषेत रेव म्हणजे खोकड आणि ओया म्हणजे बेट. वस्ती अडीचशे माणसांची, आणि खोकडं साधारण तेवढीच. त्या खोकडांच्या आतड्यात एक जंत राहतो. फीतकृमीच्या जातीतला, पण तीन-चार मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. खोकडाला त्याचा काहीच त्रास नसतो. हजारो जंत पोटात घेऊन ते धावतं, पिल्लं घालतं, म्हातारं होतं. जंताची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, गवतातले उंदीर ती खातात, आणि उंदराच्या यकृतात जंताची अळी वाढते. असा उंदीर खोकडाने खाल्ला की फेरा पूर्ण होतो. या फेऱ्यात माणसाचं काही काम नाही. पण बोरं वेचताना, कुत्र्याला कुरवाळताना एखादं अंडं माणसाच्या पोटात जातं आणि मग ती अळी माणसाच्या यकृतात घर करते. दहा-पंधरा वर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा ती मुळांसारखी सगळीकडे पसरलेली असते.

पूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठायचा आणि त्या बर्फावरून दुसऱ्या बेटांवरची खोकडं चालत यायची. एक बेट साफ केलं तरी पुढच्या वर्षी जंत परत. आता समुद्र गोठत नव्हता. जग तापण्याचा हा एकच फायदा केतकीला माहीत होता. रेवोया एकदा साफ झालं की कायमचं साफ राहणार होतं. तीन वर्षं मोजणी करायची, चौथ्या वर्षी ड्रोनमधून बेटभर माशाच्या तेलाच्या औषधी वड्या टाकायला सुरुवात करायची, दर महिन्याला, सलग दोन वर्षं. त्या कामाची प्रमुख म्हणून केतकीला नेमलं होतं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

तिला राहायला सिग्रुनच्या घरातली वरची खोली मिळाली. सिग्रुन टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो परत आला नव्हता, आणि मूलबाळ नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी तीन नियम सांगितले. बुटांची माती घरात आणायची नाही, खोकडांची विष्ठा फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि रविवारी कामाचं बोलायचं नाही. दुसरा नियम केतकीने दोनदा मोडला. दोन्ही वेळा सिग्रुनने डबी उचलून बाहेर बर्फात ठेवली आणि चहा टाकला.

सिग्रुनच्या यकृतात तोच जंत आहे हे केतकीला दुसऱ्या वर्षी कळलं. भांडी पुसता पुसता सिग्रुनने ते सांगितलं, छत गळतंय म्हणून सांगावं तसं. बेटावर आणखी सहा जणांना तो आजार होता, आणि त्याआधी दोघे गेले होते. रोजच्या गोळ्यांनी अळीची वाढ रोखली जायची, पण सिग्रुनचं शरीर त्या गोळ्यांना कंटाळलं होतं आणि अळी पुन्हा हातपाय पसरू लागली होती. चौथ्या वर्षाच्या वसंतात तिचे डोळे पिवळे दिसू लागले. कापून काढण्याजोगं आता काही उरलं नव्हतं. पूर्ण यकृत बदलणं हाच इलाज, आणि तोच तिला चालणार नव्हता.

त्याचं कारण साधं आणि क्रूर होतं. दुसऱ्याचं यकृत बसवलं की शरीराचे पहारेकरी त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून पहारा ढिला करणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. पण पहारा ढिला झाला की इतरत्र कुठेतरी उरलेला जंताचा एखादा कण पुन्हा मोकाट वाढतो. नवं यकृत वाचवायला जावं तर जुना शत्रू जागा होतो.

त्याच वसंतात मुख्य भूमीवरच्या इस्पितळातून डॉ. इंगेर बेटावर आल्या. त्या सिग्रुनच्या डॉक्टर, आणि दहा वर्षं एकाच प्रश्नामागे लागलेल्या होत्या. एक परका जीव यकृतात पंधरा वर्षं वाढतो आणि शरीर त्याला हात कसा लावत नाही? उत्तर त्यांना सापडलं होतं. अळी आपल्याभोवती एक प्रथिन सोडते. त्या प्रथिनाच्या संगतीत राहिलेले पहारेकरी शिकतात की हा घरातलाच आहे. बाकीच्या शरीरात पहारा नेहमीसारखा कडक राहतो. डॉ. इंगेर यांनी ते प्रथिन वेगळं काढलं आणि आधी डुकरांवर वापरलं, मग तीन माणसांवर. बसवलेलं यकृत त्या प्रथिनासोबत शरीराला दिलं, दर महिन्याला एक सुई असं दोन वर्षं, की शरीर ते कायमचं आपलं मानतं, असा त्यांचा हिशेब होता. तिघेही अजून ठणठणीत होते. चौथी सिग्रुन होऊ शकत होती.

प्रश्न यकृताचा होता. मृत दात्याची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. जिवंत माणसाने आपल्या यकृताचा तुकडा दिला तर दोघांचंही यकृत पुन्हा भरून येतं. पण सिग्रुनला जवळचं कोणी नव्हतं. डॉ. इंगेर हे सांगत असताना केतकी स्वयंपाकघरात उभी होती. तिने तिथल्या तिथे आपला रक्तगट सांगितला.

सिग्रुनने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. केतकीने तपासण्या करून घेतल्या, समितीसमोर मुलाखत दिली, आणि सगळं जुळल्याचं कळल्यावर मग दहिवडीला फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. दात्याच्या जिवाला किती धोका असतो एवढंच विचारलं. पाचशेत एक, असं तिने सांगितलं. बरं, म्हणाले आणि फोन ठेवला. तीन आठवड्यांनी ते स्वतः रेवोयाच्या धक्क्यावर उभे होते, घोंगडी खांद्यावर आणि हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी.

ते तिला घरी न्यायला आले होते, आणि हे त्यांनी लपवलं नाही. केतकी त्यांची एकुलती एक. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. त्यानंतर दहिवडीच्या घरात अण्णा एकटेच राहत होते. सिग्रुनशी ते अदबीने वागले, तिला बाई म्हणाले. पण पहिल्या जेवणातच त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्पष्ट सांगितलं की मुलीला ते पोट कापू देणार नाहीत. सिग्रुनने तेवढ्याच मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं की तिचंही तेच म्हणणं आहे. दोघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं आणि केतकीविरुद्ध आघाडी झाली.

पुढचे दहा दिवस केतकीला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. पण त्या दोघांचं भलतंच जमलं. कानात घालायची भाषांतराची यंत्रं होती, तरी दोघांनीही ती टेबलावर काढून ठेवली. अण्णांनी केतकीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बेटावरचा जंत पाहिला आणि म्हणाले की याचा थोरला भाऊ त्यांच्या ओळखीचा आहे. माणच्या मेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी सापडतात, त्या याच कुळातल्या जंताच्या. मेंढ्या कापल्या की त्या गाठी कुत्र्यांपुढे फेकल्या जातात आणि कुत्र्यांतून जंत पुन्हा मेंढ्यांत. अण्णा स्वतः धनगराच्या घरातले. गाठी पुरा, कुत्र्यांना औषध द्या, असं सांगत ते आयुष्यभर वाड्या-वस्त्या हिंडले होते, आणि निम्म्या लोकांनी ऐकलं नव्हतं. सिग्रुनला हे सगळं हातवाऱ्यांनी समजलं. तिने विचारलं, कुत्र्यांना औषध कशातून देता? अण्णा म्हणाले, बाजरीच्या भाकरीतून. ती खूप हसली.

एका दुपारी केतकी डोंगरावर गेली असताना अण्णांनी सिग्रुनला सरळच विचारलं. माझी मुलगी तुमच्यासाठी एवढं का करते आहे?

सिग्रुन म्हणाली की मी तिच्यासाठी काहीच केलेलं नाही, तिचं काहीएक देणं लागत नाही, तुम्ही तिला खुशाल घेऊन जा. अण्णांचं समाधान झालं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "फक्त तो दिवा. पण ती काही मोठी गोष्ट नव्हे."

"कसला दिवा?"

केतकीच्या पहिल्या हिवाळ्यात तिची आई गेली. त्याच रात्री वादळ आलं आणि बेटावरची विमानं अकरा दिवस बंद राहिली. आईचे सगळे विधी केतकीने फोनच्या पडद्यावर पाहिले, तेही मधूनमधून तुटत. तिसऱ्या दिवशी ती सिग्रुनला म्हणाली की आमच्याकडे माणूस गेल्यावर घरात दिवा ठेवतात, तो विझू देत नाहीत. सिग्रुनने एका वाटीत माशाचं तेल घातलं, कापडाची वात केली आणि खिडकीशी लावली. किती दिवस ते केतकीने सांगितलं होतं, तेरा. वारा आत यायचा, वात विझायची, म्हणून सिग्रुन खिडकीजवळच्या खुर्चीत झोपली. तेराही रात्री.

बायकोच्या शेवटच्या वेळी मुलगी आली नाही, हे अण्णांच्या मनात चार वर्षं रुतून बसलेलं होतं. विमानं बंद होती हे त्यांना कळत होतं. तरीही. आणि त्या दिवसांत मुलगी तिकडे एकटी असेल, रडत असेल, याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नव्हता, कारण तो केला असता तर रागवता आलं नसतं.

केतकी परत आली तेव्हा दोघे समोरासमोर बसलेले होते. अण्णांनी तिला बसायला सांगितलं. मग ते सिग्रुनशी बोलले, पण मराठीत, म्हणजे केतकीला भाषांतर करावं लागलं. बहुधा त्यांना तेच हवं होतं.

"अक्का, मी तीस वर्षं जनावरं वाचवली. हिच्या आईच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं, नुसता बसून राहिलो. हिच्या हातात आज काहीतरी आहे. मी हिला अडवत नाही. तुम्हीही अडवू नका."

'अक्का' शब्दापाशी केतकी अडखळली. सिग्रुनने विचारलं, ते मला काय म्हणाले? थोरली बहीण, असं केतकीने सांगितलं. सिग्रुनने उठून भांडी आवरायला घेतली. पाठमोरी राहूनच ती म्हणाली की ऑगस्टमध्ये तिला वेळ आहे.

खरी अडचण जुलैच्या शेवटी आली. डॉ. इंगेर यांनी केतकीला फोन करून सांगितलं की प्रयोगशाळेत वाढवलेला जंत पिढ्यान्‌पिढ्या दुबळा होत चालला आहे आणि ते प्रथिन पुरेसं सोडत नाही. खोकडाच्या आतड्यातून नुकत्याच आलेल्या अंड्यांपासून वाढवलेली पहिली पिढीच कामाची. सिग्रुनला दोन वर्षं सुया लागणार. आणि ती खोकडं या सप्टेंबरपासून औषधी वड्या खाणार. वड्या एकदोन वर्षं पुढे ढकलता येतील का?

ते ठरवणं केतकीच्या हातात होतं. तिने कोणाला न विचारता काम पुढे ढकलण्याचा अर्ज तयार केला. कारण म्हणून ड्रोनची दुरुस्ती लिहिलं. आयुष्यात तिने कामात लिहिलेलं ते पहिलं खोटं. तो अर्ज सिग्रुनला टेबलावर सापडला, आणि तिला तो वाचून सगळं समजायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं ती टपाल कचेरीत होती.

केतकीने तिला तसं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. सिग्रुनचा आवाज चढला नाही. बेटावर एकतीस लहान मुलं आहेत, ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांची नावं एकामागून एक घेतली. आणखी दोन वर्षं ती मुलं त्या गवतात लोळणार, त्या कुत्र्यांशी खेळणार. त्यांच्यातल्या कुणाचे डोळे पंधरा वर्षांनी पिवळे होतील, हे तुला माहीत आहे का? मला माहीत नाही. म्हणूनच हे चालणार नाही. अर्ज फाडला नाहीस तर मी तुझा तुकडा घेणार नाही.

केतकीने अर्ज फाडला आणि जिन्यात बसून रडली. अण्णा येऊन शेजारी बसले. त्यांनी समजूत घातली नाही. बेटावर कुठे जुना गोठा, खुराडं, असं काही बंदिस्त आहे का एवढंच विचारलं. पूर्वी लस करायच्या केंद्रावर रोग ठेवायचा तर काही मेंढरं वेगळी ठेवायचे, त्यांनी सांगितलं. दुहेरी कुंपण, खाली काँक्रीट, लेंडी बाहेर पडू द्यायची नाही, जाताना-येताना बूट बदलायचे. बाहेर सगळा मुलूख साफ करा आणि आत तेवढाच रोग सांभाळा. इथेही आठ-दहा खोकडं ठेवली तर?

बेटाच्या दक्षिणेला शंभर वर्षांपूर्वीचं एक खोकडांचं फार्म पडून होतं. त्यांच्या कातड्यासाठी लोक तिथे खोकडं पाळायचे. काँक्रीटची जमीन शाबूत होती. वरच्या कार्यालयाने परवानगी दिली, गावकऱ्यांनी कुंपण घातलं, वरूनही जाळी टाकली, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केतकीने आठ खोकडं सापळ्यात धरून तिथे सोडली. सप्टेंबरमध्ये ठरल्या दिवशी ड्रोन उडाले. बेटावरची सगळी खोकडं माशाच्या वड्या खाऊन निरोगी होऊ लागली, आणि ही आठ, अळी असलेले उंदीर खाऊ घालून, मुद्दाम आजारी ठेवली गेली.

शस्त्रक्रिया मुख्य भूमीवर झाली. केतकीची सहा तास, सिग्रुनची अकरा. अण्णा दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून होते. पाचशेत एक हा आकडा आपण आयुष्यात इतक्या वेळा मनात म्हटला नव्हता, असं त्यांनी नंतर कबूल केलं. केतकी चौथ्या दिवशी चालू लागली. सिग्रुनला तीन आठवडे लागले. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा रोज थोडा थोडा उतरत गेला. खाली काय रंग होता ते केतकीने पहिल्यांदाच नीट पाहिलं. निळा नव्हता, राखाडी होता.

परतल्यावर खोकडांना खायला घालायचं काम सिग्रुनने स्वतःकडे घेतलं. डॉक्टरांनी आत जायला मनाई केली होती, म्हणून ती कुंपणाबाहेरून नळीतून मासे सोडायची. अण्णा हिवाळ्यात दहिवडीला जायचे आणि उन्हाळा लागला की यायचे. केतकी दर महिन्याला आत जाऊन, पांढरा झगा आणि मुखपट्टी लावून, विष्ठा गोळा करायची. त्यातून अंडी, अंड्यांतून अळ्या, अळ्यांतून प्रथिन, आणि त्यातली एक सुई सिग्रुनच्या दंडाला.

मोकळं खोकड दिवसाला वीस-तीस किलोमीटर हिंडतं. इथे त्यांना चाळीस पावलं मिळत होती. पहिल्या हिवाळ्यात ती कुंपणाच्या कडेने सतत फिरत राहिली. काँक्रीटवर त्यांच्या चालण्याची एक वाट उमटली. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी फिरणं सोडलं, आणि ते पाहणं जास्त वाईट होतं. फेब्रुवारीत एक मादी मेली. आजाराने नव्हे. तिने खाणं थांबवलं होतं.

तोवर डॉ. इंगेर यांच्या प्रयोगशाळेने ते प्रथिन जंताशिवाय, मोठ्या पात्रात, बनवायला सुरुवात केली होती. नव्या रुग्णांना तेच मिळणार होतं. पण ज्यांची सुरुवात खोकडांच्या जंतावर झाली, त्यांना मध्येच ते बदलून देणं धोक्याचं होतं. आधीच्या तिघांची दोन वर्षं संपली होती. सिग्रुन एकटी उरली होती, आणि तिच्या पाच सुया बाकी होत्या. म्हणजे उरलेली सात खोकडं आता फक्त तिच्यासाठी आत होती.

एप्रिलमध्ये केतकी सुई घेऊन आली तेव्हा सिग्रुनने बाही वर केली नाही. तिने डॉ. इंगेर यांना आधीच फोन करून कळवलं होतं, आता सुया बंद, खोकडं सोडून द्या. डॉक्टरांनी दोन तास समजावलं होतं, आणि शेवटी तिचा निर्णय लिहून घेतला होता.

केतकीचा तोल गेला. पाच महिने. फक्त पाच महिने होते. आता पहारेकऱ्यांनी यकृत ओळखलं नाही तर दुसरं मिळणार नाही, हे तुला समजतंय का, असं ती तीन-तीनदा विचारत राहिली.

"तुझ्या पोटात माझा तुकडा आहे," केतकी म्हणाली. "मला विचारायला हवं होतंस."

"दिलास तेव्हा तो माझा झाला," सिग्रुन म्हणाली. "आणि मला वाटतं, त्यालाही आता ते कळलंय."

केतकी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी कामाचं बोलायचं नसल्यामुळे बाकी सगळं बोलता आलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. दर सोमवारी रक्त घ्यायचं, बोटीने पाठवायचं, गुरुवारी आकडा यायचा. यकृत दुखावलं की आकडा चढतो. पहिल्या दोन गुरुवारी तो थोडा चढला. केतकीने अण्णांना फोन केला, आणि त्यांनी बॅग भरायला घेतली. तिसऱ्या गुरुवारी तो तिथेच राहिला. चौथ्या गुरुवारी उतरला, पाचव्याला आणखी. दहाव्या गुरुवारी डॉ. इंगेर यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या की यापेक्षा चांगला आकडा त्यांच्या स्वतःच्या रक्तात सापडणार नाही. अण्णा त्या वेळी भाकरी थापत होते. त्यांनी हात धुतले, बाहेर जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने आत येऊन करपलेली भाकरी बदलली.

त्यानंतर सात खोकडांना वडीतून औषध दिलं. सहा आठवडे तपासलं. प्रत्येक नमुना स्वच्छ. बेटावरही वर्षभर एकाही खोकडात जंत सापडला नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी केतकीने दोन्ही फाटकं उघडली.

खोकडं लगेच बाहेर आली नाहीत. अर्धा तास ती आतच उभी राहिली, मग एक बाहेर आलं, गवतावर पाय ठेवून थबकलं आणि धावत सुटलं. बाकीची त्याच्यामागे गेली. सातवं थोडं लंगडत होतं, पण तेही गेलं. केतकी आणि अण्णा दुर्बीण एकमेकांकडे देत ती टेकडीआड जाईपर्यंत पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की सिग्रुन जवळ नाही. ती कुंपणाच्या मागच्या बाजूला होती. तिथे तिने पक्कड घेऊन तार सोडवायला सुरुवातही केली होती.

आज राहू दे अक्का, उद्या माणसं येतील, असं अण्णांनी सुचवलं. तिने तारेचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. केतकीही आली. तिघांनी मिळून तार गुंडाळायला घेतली. गंजाने हात लाल झाले.

काम करता करता सिग्रुन म्हणाली की आता ह्या बेटावर कोणाच्याच पोटात तो जंत नाही.

केतकीला खोटं बोलायचं नव्हतं. "बाकीच्या रुग्णांत आहे, तुझ्यातही असेल अजून," ती म्हणाली. "एखादा कण. पहारा आहे, गोळ्याही आता पुन्हा सोसतायत, तो वाढणार नाही. पण असेल."

सिग्रुनने पाठ सरळ केली आणि उजव्या कुशीवर हात ठेवला, जिथे शस्त्रक्रियेचा व्रण होता. ती जराशी हसली.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. आता तोही म्हातारा झाला असेल."

मग तिने पक्कड उचलली आणि पुढच्या खांबाकडे गेली.